दाढेपर्यंत पोहोचायचं तर खेळावंच लागेल

शाळेत दातांची निगा खेळातून शिकवावी का, यावर सध्या आमच्या भागात जोरात वाद चालला आहे. निमित्त साधंच होतं. एका शाळेत दंतवैद्यक शिकणारी मुलंमुली आली, सोबत भलामोठा प्लॅस्टिकचा जबडा आणला, त्यांच्यातला एक जण टूथब्रशचा पोशाख घालून नाचला, पोरं हसून हसून लोळली, फोटो निघाले. पुढच्या पालकसभेत लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, पोरांना अजून हातच्याच्या बेरजा जमत नाहीत आणि शाळेत नाच कसले करता? दुसरी म्हणाली, लहान मुलं हसतखेळतच शिकतात, एवढं कळत नाही का? मी सत्तावीस वर्षं नागपुरात प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं. दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत ऐकलं आणि वाईट वाटलं, कारण दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालले होते: खेळ म्हणजे कडू गोळीवरचा साखरेचा लेप. एकाला तो लेप फाजील वाटतो, दुसऱ्याला आवश्यक. माझं म्हणणं असं की दात घासणं ही हाताची सवय आहे. सवय रोज तेच ते केल्यानेच अंगवळणी पडते, आणि सहा-सात वर्षांचं मूल तेच ते दोनशे वेळा मनापासून करतं ते खेळातच. म्हणून शाळेत हा खेळ हवाच, पण तो रोजचा हवा आणि ब्रश मुलांच्या हातात हवा. वर्षातून एकदा पाहुण्याने नाचून दाखवणं याला मी खेळ म्हणत नाही. त्यात खेळतो पाहुणा, मुलं बघत बसतात.

हे मी माझ्याच वर्गात शिकले, आणि उशिरा शिकले. तिसरीत एक हुशार मुलगा होता. परिसर अभ्यासाच्या चाचणीत दातांवरचे सगळे प्रश्न त्याने बरोबर सोडवले होते. सुळे कशासाठी, दाढा कशासाठी, दात दिवसातून किती वेळा घासावेत, सगळं पैकीच्या पैकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी तो उजवा गाल सुजवून आला आणि खिचडीच्या ताटाकडे नुसता बघत बसला. तोंड उघडायला लावलं तर खालची शेवटची दाढ काळी पडलेली, मधोमध खड्डा, आणि त्यात भाताचं एक शीत अडकलेलं. संध्याकाळी आई घ्यायला आली. म्हणाली, "दुधाचाच दात आहे ना मॅडम, पडून जाईन आपोआप." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. मेडिकल चौकात शासकीय दंत महाविद्यालयात दाखवल्यावर कळलं की दाढ दुधाची नव्हतीच. पक्की होती, आणि वाचण्यापलीकडे गेली होती. आठव्या वर्षी त्या मुलाने आयुष्यभराची एक दाढ गमावली, आणि दातांच्या त्या धड्याला त्याला पैकीच्या पैकी गुण मी दिले होते.

ही गफलत घरोघरी होते. पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि ती येताना कुठलाच दात पडत नाही. दुधाच्या वीस दातांच्या मागे, हिरडीच्या टोकाला ती गुपचूप वर सरकते. पुढचा दात हलायला लागला की घरभर गाजावाजा होतो, पडला की कौलावर फेकायची घाई होते. या दाढेची मात्र कोणी दखल घेत नाही. वर येताना ती शेजारच्या दाढेपेक्षा ठेंगणी असते, त्यामुळे मागेपुढे फिरणारा ब्रश तिला न शिवताच निघून जातो. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, कवच अजून कच्चं असतं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, दातावरच्या त्यांच्या चिकट थराचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास उतरला की कवचातलं खनिज विरघळू लागतं, आणि हे दिवसातून जितक्या वेळा घडेल तितका दात झिजतो. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, पण दाताच्या कवचात खड्डा पडला की तो भरणाऱ्या पेशीच तिथे नसतात. हे सगळं मुलांना सांगता येतं का? येतं, मी सांगितलंच होतं. पण ब्रश बोटाच्या पेराइतका आणखी मागे, आडवा कसा जाईल, हे सांगून होत नाही. ते मनगटाला शिकावं लागतं.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्या सभेत कोणी मांडलाच नाही, म्हणून मीच मांडते. दंतआरोग्य शिक्षणाच्या प्रयोगांचे १९९० च्या दशकात जे मोठे आढावे घेतले गेले, त्यांचा निष्कर्ष निराश करणारा होता. अशा उपक्रमांनी मुलांची माहिती वाढते, दातांवरचा थर थोडे दिवस कमी होतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. कीड मात्र नुसत्या शिकवण्याने कमी झालेली दिसत नाही. दाताचं कवच टणक करणाऱ्या फ्लोराइडची जोड असली तरच फरक पडतो. मग खेळाचा आग्रह कशाला? उत्तर याच आढाव्यांत आहे. त्यांत बहुतेक करून मोजली गेली ती भाषणं, भित्तिपत्रकं आणि अधूनमधूनच्या भेटी. जिथे मुलांनी शाळेतच रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले तिथली गोष्ट निराळी आहे. स्कॉटलंडने २००६ पासून बालवाड्यांत रोज देखरेखीखाली दात घासायला लावले. तिथे पहिलीच्या वयाच्या मुलांमध्ये दिसणारी कीड नसलेली मुलं २००३ मध्ये ४५ टक्के होती, २०२२ मध्ये ती ७३ टक्के झाली. सगळं श्रेय ब्रशचं नाही, त्या कार्यक्रमात इतर उपचारही होते. फिलिपिन्स तर श्रीमंत देश नाही, तिथेही २००८ पासून सरकारी शाळांतली पोरं ओळीने उभी राहून हात धुतात, दात घासतात. हे दात खेळाने वाचवले असा माझा दावा नाही. ते रोजच्या ब्रशने आणि फ्लोराइडने वाचवले. पण चाळीस पोरांच्या वर्गात ते 'रोज' टिकवायचं कशाच्या जोरावर?

धाकाच्या जोरावर, असं कोणी म्हणेल. आमच्या पिढीने तेही करून पाहिलं आहे. परिपाठाच्या वेळी सोमवारी नखांची तपासणी असायची. नखं वाढलेली पोरं रांगेत उभ्या उभ्या ती दातांनी कुरतडून काढायची, बाई जवळ येईपर्यंत नखं कापलेली दिसायची. स्वच्छता तपासून घेतली की मुलं तपासणीतून सुटायला शिकतात. आणि रविवारी कोण तपासणार? मे महिन्यात कोण तपासणार? खेळाचं तसं नसतं. टिक्कर खेळायला पोरांना कोणी रांगेत उभं करत नाही. खापरी आणि कोळशाचा तुकडा हाती लागला की दुपारच्या उन्हातही घरं आखली जातात.

स्वच्छता लोकांच्या अंगी कशी भिनते, हे विदर्भाला बाहेरून शिकायची गरज नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत, गटारं साफ करत, आणि कीर्तन रात्री. कीर्तनातही ते एकटे बोलत नसत. प्रश्न टाकायचे, लोकांकडून उत्तर वदवून घ्यायचे, चुकलं तर पुन्हा विचारायचे. आधी हात, मग तोंड, आणि समोरच्याला बघ्या म्हणून बसू द्यायचं नाही, हा त्यांच्या शिकवण्याचा क्रम होता. काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करून पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंघोळ, वेणीफणी, अंगण झाडणं हे त्या शाळेत खेळाइतकंच आणि खेळासोबत चालायचं. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिचं मूळ तिथे आहे. "पोरं नुसती खेळतात" हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. ताराबाईंनी अंघोळीवर व्याख्यान दिलं असतं, तर पाड्यावरचं एक तरी मूल ओलं झालं असतं का?

तरीही खेळाच्या भक्तांना एक कबुली द्यावी लागेल. खेळ आपोआप काही शिकवत नाही. सापशिडी घ्या. परंपरा तिचं मूळ ज्ञानेश्वरांच्या मोक्षपटाशी जोडते. जुन्या पटांवर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं असत, कोणत्या गुणाने वर चढलो आणि कोणत्या दोषाने साप गिळून गेला हे खेळणाऱ्याला वाचावंच लागे. पुढे नावं गेली, आकडे राहिले. खेळ तसाच रंगतो, पण त्यातली शिकवण गेली. दातांच्या नावाने चाललेल्या बऱ्याच खेळांचं हेच झालं आहे. किडीच्या राक्षसाला चेंडू मारून पाडा, बक्षीस घ्या. मजा येते, पण त्या खेळात मुलाचा हात दाताजवळ जातो का? जात नसेल तर चेंडूफळीच खेळा की! माझी कसोटी सोपी आहे: खेळात जी हालचाल, ती न्हाणीघरातल्या हालचालीशी जुळली पाहिजे. आणि बक्षीस म्हणून चॉकलेट वाटणारा, किंवा पिशवीवर एखाद्या पेस्टचं नाव छापून आणणारा उपक्रम शाळेच्या फाटकाबाहेरच थांबवावा. पोरांना दात घासायला शिकवायचं आहे, गिऱ्हाईक व्हायला नाही.

याहून टोचणारा एक आक्षेप एका तरुण शिक्षकाने माझ्याजवळ बोलून दाखवला. म्हणाला, मॅडम, शाळेसमोर पाच रुपयांच्या गोड खाऊच्या पुड्या लटकलेल्या, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर खर्रा घोटणं चाललेलं, घरी बाप खर्रा खातो, आजी तंबाखूची मशेरी लावते, आणि तुम्ही सात वर्षांच्या पोराला सांगता की तुझे दात तुझी जबाबदारी? दोष लेकराच्या गळ्यात का बांधता? यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण तो खरं बोलत होता. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात बौद्धिक अपंगांच्या रुग्णालयातल्या माणसांना जेवणाच्या मधल्या वेळात चिकट टॉफ्या देऊन त्यांचे दात किडवून पाहिले होते. प्रयोग अमानुष होता, पण त्यातून कळलं ते असं की साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा आणि किती चिकट खाल्ली हे घातक. दिवसभर चघळायच्या पुड्या नेमकं तेच करतात. खर्ऱ्याचं तर काय सांगावं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला तो तोबरा विदर्भात कोवळ्या वयात तोंडात जातो आणि पुढे तोंड उघडेनासं होतं. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. ती बंदी पाळली जावी म्हणून भांडायचं काम मोठ्यांचं आहे, ते कुठलाही खेळ करणार नाही.

पण म्हणून मुलांना त्या लढाईबाहेर ठेवायचं का? नागपूरच्या माणसाने हे विचारू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात ते १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे, म्हणजे पुरुषाच्या रूपातले पुतळे असतात, आणि त्या त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचा बडग्या होतो. महागाईचा होतो, भ्रष्टाचाराचा होतो. रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत शहर आपली पीडा चव्हाट्यावर मांडतं. त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून पोरं दारोदार बोजारा मागत फिरतात. म्हणजे मोठ्यांना जाब विचारायचं काम हे शहर दरवर्षी खेळातूनच करतं. वर्गातल्या पोरांनी खर्ऱ्याचा आणि पुड्यांचा बडग्या करावा, तो आपल्याच गल्लीतून फिरवावा. त्या दिवशी दोष लेकराच्या गळ्यात राहणार नाही, तो ज्याचा आहे त्याच्या दारात जाईल. त्या तरुण शिक्षकाला मी हेच सांगितलं. त्याला कितपत पटलं ते कळलं नाही, पण बडग्यासाठी रद्दी आणि बांबू त्यानेच जमवले.

शिक्षकांच्या बोज्याचा मुद्दा मी हलका करणार नाही. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, यातून शिकवायला वेळ उरतो किती ते मी भोगलं आहे. दात घासण्याचं आणखी एक रजिस्टर आलं तर मी स्वतः विरोधात उभी राहीन. ज्या दिवशी त्याचा तक्ता भरून वर पाठवायचा हुकूम येईल त्या दिवशी मुलांच्या हातातला ब्रश सुटेल आणि शिक्षकाच्या हातात पेन येईल. लागतात ती खिचडीनंतरची तीन मिनिटं. "हे घरचं काम" म्हणणाऱ्यांना विचारते, जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या शाळेत देतो तेव्हा हा प्रश्न का पडत नाही? पहाटे कामावर जाणाऱ्या, हिंगण्याच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या आईबापांना दोष देणं सोपं आहे. खर्चाचंही पाहू. सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे पाव ग्रॅम. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षात किमान २०० दिवस शाळा. मुलामागे पन्नास ग्रॅम पेस्ट आणि वर्षाला तीन-चार ब्रश. ब्रशवर नाव हवं, ते एकमेकांना टेकता कामा नयेत, झाकून कोंदट ठेवता कामा नयेत. एवढी शिस्त पाळावी लागेल, आणि ती न पाळणाऱ्या शाळेने हे सुरू करू नये. पाण्याची अडचण मात्र वाटते तेवढी नाही. घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. स्कॉटलंडच्या वर्गांत बेसिनशिवायही हे चालतं.

राहिला फ्लोराइडचा प्रश्न. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांतले पिवळे, ठिपक्यांचे दात ज्यांनी पाहिले आहेत त्यांची भीती खोटी नाही. तिथल्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी पाणी तपासा, मग दंतवैद्याला विचारून ठरवा. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचं, म्हणजे नदी-धरणाचं पाणी येतं. इथे भूजलातली ती अडचण नाही. बोअरवर जगणाऱ्या कडेच्या वस्त्यांनी मात्र तपासून घ्यावं. फ्लोराइडची पेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. धोका असतो तो ती गिळण्यात, आणि न गिळता थुंकायला शिकवण्यासाठी थुंकीने रेघ गाठण्याच्या खेळाइतकं प्रभावी काही मला सापडलेलं नाही. पोरं तो एका दिवसात शिकतात.

शेवटी त्या मुलानंतरच्या वर्षाचं सांगते. माझी भाची तेव्हा दंतवैद्यक शिकत होती. तिने थर दाखवणाऱ्या लाल रंगाच्या गोळ्या आणून दिल्या. पोरांनी त्या चघळल्या, हातातल्या छोट्या आरशात पाहिलं आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. पुढचे दात पांढरे होते. मागे मात्र सगळं लालभडक. मग आम्ही पटांगणात जबडा केला. दहा पोरं वरच्या कमानीत, दहा खालच्या, उकिडवी बसलेली. चार जणांना चारही टोकांना, शेजाऱ्यापेक्षा खाली, चक्क मांडी घालून बसवलं. त्या सहा वर्षांच्या दाढा. एका मुलीच्या हातात खराटा, तिने एकदा सगळ्यांच्या डोक्यावरून फिरवायचा. ती धावत गेली, धावत आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोकाला बसलेला एक पोरगा उठून उभा राहिला, डोळ्यांत पाणी. "मॅडम, माह्याकडे कोनी आलंच नाही!" दुसऱ्या फेरीत ती मुलगी टोकापाशी थांबली, वाकली आणि खराटा आडवा धरला. तिसऱ्या दिवसापासून पोरं दात घासताना आपापल्या मागच्या दाढेला त्या मुलाच्या नावाने हाक मारू लागली. मी त्यांना ते शिकवलं नव्हतं.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतील. कायदा मुलाला सहाव्या वर्षी पहिलीत बसवतो, आणि ती दाढही सहाव्याच वर्षी येते. पहिल्या दिवशी रडत, आईचा पदर धरून आत येणाऱ्या पोरांच्या तोंडात ती तेव्हा नुकतीच हिरडीतून डोकावत असेल.